मॉर्मन पंथाची आरंभीची ‘उन्नयन’ शिकवण आणि तीत स्त्रीचे स्थान

रायगडच्या किनाऱ्याला एलिया संदेष्ट्याचे नाव अनोळखी नाही. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असे सांगणारा हा समाज ‘एलियाहू हन्नबी’च्या नावाने मलिद्याचा विधी करीत आला आहे. कोर्लई येथील आपले चर्च कार्मेल मातेच्या नावाचे, आणि कार्मेल हा तर एलियाचाच डोंगर. याच संदेष्ट्याच्या नावावर आणखी एका पंथाने आपली एक मोठी शिकवण उभारली आहे. तो पंथ म्हणजे अमेरिकेतील मॉर्मन पंथ. ओहायो राज्यातील कर्टलंडच्या मंदिरात ३ एप्रिल १८३६ रोजी एलियाने आपल्याला दर्शन दिले आणि कुटुंबांना मृत्यूच्या पलीकडेही बांधून ठेवण्याचा अधिकार सोपविला, असे या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांनी जाहीर केले होते. आपण जिला स्वर्गप्राप्ती म्हणतो तिच्याही वरची एक पायरी त्यांनी पुढे शिकविली, आणि त्या पायरीवर जाण्यासाठी हा अधिकार अनिवार्य ठरविला.

या पायरीला ते ‘एग्झाल्टेशन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘उन्नयन’ हा शब्द येथे वापरला आहे. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनामुळे तो आपल्या कानांना परिचित आहे. मात्र अर्थ पूर्णपणे वेगळा आहे, हे ध्यानात ठेवावे. नोकरीशिक्षणानिमित्त परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींची या पंथाच्या तरुण प्रचारकांशी गाठ पडते, कधी विवाहाचा प्रश्नही उभा राहतो. ‘कुटुंब कायमचे एकत्र राहील’ हे त्यांचे आश्वासन ऐकणाऱ्याच्या, विशेषतः नुकताच जोडीदार गमावलेल्या माणसाच्या, मनाला भिडते. म्हणून त्या आश्वासनामागील शिकवण काय आहे आणि तीत स्त्रीला कोणते स्थान होते, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. (२०१८ पासून या चर्चने ‘मॉर्मन’ या नावाऐवजी ‘येशू ख्रिस्ताचे अंतिम काळातील संतजनांचे चर्च’ हे पूर्ण नाव वापरावे असा आग्रह धरला आहे. येथे विषय आरंभीच्या काळाचा असल्याने जुनेच नाव ठेवले आहे.)

उन्नयनाची शिकवण

६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात या पंथाची स्थापना झाली, तेव्हा यातील काहीच शिकविले जात नव्हते. १८३२ च्या फेब्रुवारीत स्मिथ यांनी एक दर्शन सांगितले. त्यानुसार मरणोत्तर जीवनात सूर्य, चंद्र आणि तारे यांच्या तेजासारख्या तीन श्रेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक मनुष्याला यांपैकी एक लाभणार आहे. म्हणजे तारण बहुतेक सर्वांनाच. १८४३ च्या मे महिन्यात त्यांनी पुढची गोष्ट सांगितली: सर्वांत वरच्या श्रेणीतही तीन पायऱ्या आहेत आणि त्यांतील सर्वोच्च पायरीवर केवळ विवाहितांनाच प्रवेश आहे. हा विवाह ‘मरणापर्यंत’ नव्हे, तर याजकपदाच्या अधिकाराने ‘सर्वकाळासाठी’ मुद्रांकित झालेला असला पाहिजे. १२ जुलै १८४३ रोजी लिहून घेतलेल्या प्रकटीकरणात हे अधिक स्पष्ट झाले. अशा रीतीने मुद्रांकित झालेले दांपत्य पुनरुत्थानानंतर देवपदाला पोहोचेल आणि त्यांना अनंत संतती लाभेल. इतर लोक कितीही सज्जन असले तरी एकटेच राहतील आणि देवदूत होऊन, वर चढलेल्यांची सेवा करतील. ७ एप्रिल १८४४ च्या प्रवचनात स्मिथ यांनी याचा पाया उघड केला: परमेश्वर स्वतः एके काळी मनुष्य होता आणि त्याच मार्गाने मनुष्यानेही देव व्हावयाचे आहे.

मनुष्य ईश्वरी जीवनाचा वाटेकरी होतो, हे तर ख्रिस्तसभाही शिकविते. संत अथनासियस यांच्यापासून ही परंपरा चालत आली आहे आणि ‘कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मोपदेश’ या ग्रंथातही ती नमूद आहे. परंतु आपल्या शिकवणीत निर्माता आणि निर्मिती यांच्यातील भेद कधीच पुसला जात नाही. आपण ख्रिस्ताच्या कृपेने दत्तक पुत्र आणि कन्या होतो; एखाद्या नव्या जगाचे देव होत नाही. शब्द जवळचे असले म्हणजे अर्थही जवळचा असतो असे नाही.

राणी आणि याजिका, पण कोणाची?

वरवर पाहता या शिकवणीने स्त्रीला फार उंच बसविले, हे मान्य केले पाहिजे. पुरुष एकटा उन्नयन पावू शकत नाही. पत्नीवाचून त्याचाही मार्ग खुंटतो. स्वर्गात पित्याबरोबर माताही आहे, ही कल्पना याच काळात पुढे आली. एलायझा आर. स्नो (१८०४–१८८७) या कवयित्रीने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या एका कवितेमुळे ती घरोघरी पोहोचली, आणि ती कविता आजही त्या पंथात स्तोत्र म्हणून गायिली जाते. १७ मार्च १८४२ रोजी इलिनॉय राज्यातील नाउवू येथे स्त्रियांची ‘रिलीफ सोसायटी’ स्थापन झाली. जोसेफ स्मिथ यांच्या पत्नी एमा तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. या संस्थेतून ‘याजकांचे राज्य’ घडविण्याचा आपला मानस असल्याचे स्मिथ यांनी त्यांना सांगितले होते. त्या काळी त्या पंथातील स्त्रिया आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करीत आणि ही प्रथा पुढे अनेक दशके चालू राहिली. नाउवूचे मंदिर उभे राहताच डिसेंबर १८४५ ते फेब्रुवारी १८४६ या अल्प काळात पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांनी तेथील विधी घेतले. एकोणिसाव्या शतकातील किती ख्रिस्ती संप्रदायांत स्त्री मंदिराच्या अगदी आतल्या दालनापर्यंत जात होती, हा प्रश्न त्या पंथाचे लोक विचारतात, आणि तो अगदीच निराधार नाही.

तथापि सर्वांत वरच्या विधीचे शब्द पाहिले की चित्र बदलते. ‘दुसरा अभ्यंग’ म्हणून ओळखला जाणारा हा विधी जोसेफ आणि एमा यांना २८ सप्टेंबर १८४३ रोजी मिळाला. पुढे नाउवूच्या मंदिरात तो इतर दांपत्यांना दिला गेला, तेव्हा पतीला ‘देवासाठी’ राजा आणि याजक म्हणून अभिषेक होत असे. पत्नीला राणी आणि याजिका म्हणून, पण ‘पतीसाठी’. या एका शब्दातच सारे आले. पती देवासमोर उभा आणि पत्नी पतीसमोर. प्रेषित म्हणून मान्यता असलेले इरास्टस स्नो यांनी १८५७ साली सॉल्ट लेक सिटीत उपदेश करताना तर असे सांगितले होते की, पतीने स्वीकारल्याशिवाय कोणतीही स्त्री सर्वोच्च राज्यात जाणार नाही, आणि पती लाभण्याची तिची योग्यता नसेल तर कोणीतरी तिला दासी म्हणून आत घेईल. प्रत्येक नेत्याचे प्रत्येक वाक्य म्हणजे त्या पंथाची अधिकृत शिकवण नव्हे, असे तेथील लोक म्हणतात आणि ते योग्यच आहे. पण ‘दासी म्हणून’ हे शब्द हवेत विरले नाहीत.

जेन मॅनिंग जेम्स या कृष्णवर्णीय स्त्रीची कहाणी त्याची साक्ष देते. कनेटिकट राज्यात दास्यमुक्त जन्मलेल्या जेन आपल्या कुटुंबीयांसह शेकडो मैल पायी चालत १८४३ साली नाउवूला आल्या आणि जोसेफ स्मिथ यांच्याच घरी कामाला राहिल्या. १८४७ मध्ये त्या यूटाला पोहोचल्या आणि तेथे अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिल्या. उन्नयनासाठी मंदिरातील विधी हवेत म्हणून त्यांनी पंथप्रमुखांकडे पुन्हा पुन्हा विनंती केली. आफ्रिकी वंशाच्या लोकांना तेव्हा ते विधी नाकारले जात. ही बंदी १९७८ पर्यंत उठली नाही. एमा यांनी आपल्याला एकदा जोसेफ यांच्या कुटुंबात मुलगी म्हणून मुद्रांकित होण्याविषयी विचारले होते, असे जेन सांगत. अखेर १८९४ साली त्यांच्यासाठी एक खास विधी रचण्यात आला. त्यात जेन यांना जोसेफ स्मिथ यांच्याशी अनंतकाळासाठी जोडण्यात आले, मुलगी म्हणून नव्हे, तर दासी म्हणून. विधीच्या वेळी त्यांना मंदिरात प्रवेशही मिळाला नाही. त्यांच्या जागी दुसरी स्त्री उभी राहिली. जेन यांचे त्याने समाधान झाले नाही. १९०८ मध्ये मरण येईपर्यंत त्या आपली विनंती करीतच राहिल्या.

बहुपत्नीत्वाचे ओझे

१८४३ च्या त्याच प्रकटीकरणात पुरुषाने अनेक स्त्रियांशी विवाह करण्याची मुभा, किंबहुना आज्ञा होती. त्यात एमा यांना नावानिशी उद्देशून ताकीद दिलेली आहे: पतीला दिलेल्या इतर स्त्रियांचा तिने स्वीकार करावा, अन्यथा तिचा नाश होईल. ज्या पत्नीला १८३० मध्ये ‘निवडलेली स्त्री’ म्हटले गेले होते, तिलाच तेरा वर्षांनी हे ऐकावे लागले. एमा यांनी हा सिद्धांत मनापासून कधीच मानला नाही. २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जोसेफ यांची जमावाने हत्या केल्यानंतर ब्रिगम यंग यांच्यामागून पश्चिमेकडे न जाता त्या नाउवूलाच राहिल्या आणि १८७९ साली तेथेच वारल्या.

हेलन मार किंबल हिचा प्रसंग आपल्याकडच्या आईवडिलांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. १८४३ मध्ये, पंधरावा वाढदिवस यायला काही महिने असताना, तिचे जोसेफ स्मिथ यांच्याशी मुद्रांकन झाले. तू हे पाऊल उचललेस तर तुझे, तुझ्या पित्याच्या घराण्याचे आणि सर्व आप्तांचे उन्नयन निश्चित होईल, असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे तिने पुढे १८८१ साली आपल्या मुलांसाठी लिहून ठेवले. मोठेपणी तिने बहुपत्नीत्वाचे समर्थन करणाऱ्या पुस्तिकाही लिहिल्या, ही गोष्टही खरी आहे. परंतु सबंध घराण्याचे पारलौकिक कल्याण एका कोवळ्या मुलीच्या होकारावर टांगणे याला काय म्हणावे, हे आपल्या देशात वेगळे सांगण्याची गरज नाही. घराण्याच्या कल्याणासाठी मुलीचे लग्न, हा सौदा येथेही अनेकांनी पाहिला आहे. त्या चर्चने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत स्मिथ यांचे हे विवाह आणि हेलनचे वय या दोन्ही गोष्टी मान्य केल्या आहेत, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

यूटातील सर्वच स्त्रिया मुकाट्याने सोसत होत्या, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. १८७० च्या जानेवारीत हजारो स्त्रियांनी सॉल्ट लेक सिटीत सभा भरवून बहुपत्नीत्वाविरोधी कायद्याचा निषेध केला. त्याच वर्षी यूटाच्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. १८८७ मध्ये अमेरिकी संसदेने तो काढून घेतला आणि १८९६ मध्ये तो परत आला. त्या १८९६ सालीच मार्था ह्यूझ कॅनन या डॉक्टर स्त्री अमेरिकेतील पहिल्या महिला राज्य सिनेटर म्हणून निवडून आल्या. त्या स्वतः एका बहुपत्नीक पुरुषाच्या पत्नी होत्या, आणि त्याच निवडणुकीत पराभूत झालेल्या उमेदवारांत त्यांचे पतीही होते! ऐहिक कारभारात एवढी पुढे गेलेली ही स्त्री परलोकात मात्र पतीच्या नावानेच ओळखली जाणार होती. १८९० मध्ये पंथप्रमुख विल्फर्ड वुडरफ यांनी नवे बहुपत्नीक विवाह थांबविण्याचे जाहीर केले. आज त्या चर्चमध्ये बहुपत्नीत्वाबद्दल सदस्यत्व रद्द होते.

तरीही मुद्रांकनाच्या नियमात त्याची सावली राहिली आहे. पत्नी वारली तर पती दुसऱ्या पत्नीशीही सर्वकाळासाठी मुद्रांकित होऊ शकतो आणि दोघीही अनंतकाळ त्याच्या मानल्या जातात. विधवा स्त्रीला मात्र जिवंतपणी एकाच पुरुषाशी मुद्रांकित होता येते. तिने पुन्हा लग्न केले तर ते साधारणतः या जन्मापुरतेच.

हा उपदेश मुंबई आणि पुण्यात आला होता

ही सारी दूरदेशीची हकीकत वाटेल. पण बहुपत्नीत्वाची शिकवण जेथे प्रथमच उघडपणे जाहीर झाली, ती २८ आणि २९ ऑगस्ट १८५२ ची सॉल्ट लेक सिटीतील परिषद हिंदुस्थानाशीही जोडलेली आहे. याच परिषदेत शंभराच्या आसपास प्रचारकांना जगभर पाठविण्याचे ठरले. त्यांतील हिंदुस्थान आणि सयामसाठी नेमलेले तेरा जण जानेवारी १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघून एप्रिलमध्ये कलकत्त्याला उतरले. त्यांच्याआधीच ब्रिटनमधून आलेले ह्यू फिंडले मुंबईत काम करू लागले होते. मुंबईत विरोध झाल्यावर ते पुण्यास गेले आणि तेथे एक लहानशी शाखा उभी राहिली. तीत बहुतांशी युरोपीय लोक होते. बहुपत्नीत्वाची बातमी प्रचारकांच्या बरोबरीनेच येथे पोहोचली होती, त्यामुळे ख्रिस्ती लोकांची दारे त्यांना बंद झाली. काही वर्षांतच हे प्रचारक परत गेले आणि ज्यांनी पंथ स्वीकारला होता त्यांच्यापैकी अनेकांनी यूटाची वाट धरली. मुंबई बंदरापलीकडच्या आपल्या किनाऱ्यावर, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, या प्रयत्नाने मूळ धरले नाही.

दीडशे वर्षांनी परिस्थिती निराळी आहे. १९९३ मध्ये बेंगळुरू येथे या चर्चचे भारतीय मिशन सुरू झाले, २०१२ मध्ये हैदराबादला त्यांचा पहिला ‘स्टेक’, म्हणजे आपल्या धर्मप्रांतासारखा विभाग, स्थापन झाला आणि २०१८ मध्ये बेंगळुरू येथे भारतातील पहिले मंदिर बांधण्याची घोषणा झाली. २०२० च्या डिसेंबरात त्याच्या बांधकामाचा आरंभ झाला. सर्वकाळासाठी मुद्रांकन अशा मंदिरातच होते, साध्या प्रार्थनागृहात होत नाही. म्हणून ही घोषणा भारतातील त्यांच्या सदस्यांना फार महत्त्वाची वाटली.

सात भावांची पत्नी

प्रभू येशूला सदूकी लोकांनी विचारलेला प्रश्न मत्तय, मार्क आणि लूक या तिघांच्याही शुभवर्तमानांत आहे. एका स्त्रीचे एकापाठोपाठ सात भावांशी लग्न झाले, सातही वारले. मग पुनरुत्थानात ती कोणाची? प्रश्न विचारणाऱ्यांना त्या स्त्रीशी काहीच कर्तव्य नव्हते. ती सात वेळा विधवा झाली, तिला मूल नाही, याविषयी कोणी हळहळले नाही. त्यांना एवढेच हवे होते, की ती कोणाच्या मालकीची. प्रभूने त्यांचा हिशेबच मोडून काढला: तेथे कोणी लग्न करीत नाही, कोणाचे लग्न करून दिलेही जात नाही. लूकच्या शुभवर्तमानात पुढे असे आहे की, पुनरुत्थान पावलेले लोक देवाची लेकरे होत. म्हणजे ती स्त्री सातांपैकी कोणाचीच नाही; ती देवाची आहे.

मॉर्मन उपदेशक याच वचनाचा वेगळा अर्थ लावतात. तेथे लग्ने होत नाहीत म्हणूनच ती येथे, योग्य अधिकाराने, उरकून घेतली पाहिजेत, असे ते म्हणतात. परंतु मग त्या स्त्रीच्या प्रश्नाला सदूकींना हवे होते तसेच, कोणातरी एका पतीचे नाव घेऊन उत्तर द्यावे लागते. प्रभूने ते दिलेले नाही.

विवाह हा आपल्या सात संस्कारांपैकी एक आहे आणि ख्रिस्त व ख्रिस्तसभा यांच्यातील प्रीतीची ती खूण आहे. खूण जेथे पोहोचवायची तेथे पोहोचली की तिचे काम पूर्ण होते. म्हणूनच संत पौल करिंथकरांना लिहितात की पती वारल्यावर स्त्री मोकळी आहे. मग पतिपत्नीची प्रीती तेथे नष्ट होते काय? मुळीच नाही. संतांच्या सहभागितेत आपण एकमेकांना ओळखणार आणि परस्परांवर अधिक शुद्ध प्रीती करणार, अशी आपली आशा आहे. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली मार्तें या दांपत्याला एकत्रच संतपद दिले. पण झेली या लुईंच्या पत्नी होत्या म्हणून संत झाल्या नाहीत. दोघांचाही स्नानसंस्कार झाला होता आणि दोघेही ख्रिस्ताला अनुसरले.

मिस्साविधीतील पहिल्या ‘युकॅरिस्तिक’ प्रार्थनेत परपेतुआ, फेलिसिता, आगाथा, लुसी, आग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया ही नावे आपण ऐकतो. एकीच्याही नावापुढे पतीचे नाव नाही. परपेतुआ विवाहित होती, तान्ह्या मुलाची आई होती. फेलिसिता गुलाम होती. २०३ साली आफ्रिकेतील कार्थेज नगरात दोघींनी एकाच रिंगणात प्राण दिले आणि वेदीजवळ त्यांची नावे एका श्वासात घेतली जातात. जेन मॅनिंग जेम्स यांची कहाणी वाचल्यावर या फेलिसितेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपल्या देशाच्या पहिल्या स्त्री संत आल्फोन्सा (२००८ मध्ये संतपद) अविवाहित धर्मभगिनी होत्या. स्मिथ यांच्या शिकवणीप्रमाणे त्या सेवक देवदूतांच्या रांगेत राहतील, फार तर कोणा पुरुषाशी त्यांचे मरणोत्तर मुद्रांकन करावे लागेल.

पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत पोप पायस बारावे यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी जाहीर केला, त्यातही हीच दृष्टी आहे. मरियेला उचलून घेणारा संत योसेफ नव्हे, परमेश्वर आहे. ती देवी नाही, आपल्यासारखीच निर्मिलेली आहे. आणि म्हणूनच तिच्या गौरवात किनाऱ्यावरच्या कोळीणबाईपासून मठातील व्रतस्थ भगिनीपर्यंत प्रत्येकीचा वाटा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९८८ च्या आपल्या प्रेषितीय पत्रात स्त्रीच्या प्रतिष्ठेचा विचार मरियेपासूनच सुरू केला. अर्थात शिकवण शुद्ध असली म्हणजे घरेही शुद्ध असतात असे नाही. वयात आलेल्या अविवाहित मुलीकडे ‘राहून गेली’ म्हणून पाहणारे, शुभकार्यात विधवेला मागे बसविणारे लोक आपल्याही धर्मग्रामांत आहेत, आणि त्यांनी मॉर्मन ग्रंथ वाचलेले नसतात.

त्या चर्चमध्येही बदल होत आहेत. स्वर्गीय मातेविषयी त्यांनी २०१५ मध्ये अधिकृत निबंध प्रसिद्ध केला. मंदिरविधीत फेरबदल केल्याचे २०१९ च्या जानेवारीत त्यांनी मान्य केले. तपशील जाहीर केला नाही, तरी स्त्रीने पतीच्या द्वारे शपथ घेण्याचा भाग वगळल्याच्या बातम्या आल्या. अविवाहित राहिलेल्या सज्जन स्त्रियांना पुढील जीवनात संधी मिळेल, असे त्यांचे नेते पूर्वीपासून सांगत आले आहेत. पण विवाहावाचून उन्नयन नाही, हा मूळ नियम कायम आहे.

काही व्यावहारिक बाबी

५ जून २००१ रोजी रोम येथील विश्वास-सिद्धांत मंडळाने मॉर्मन पंथात झालेला बाप्तिस्मा वैध नसल्याचा निर्णय दिला. कार्डिनल जोसेफ राट्झिंगर तेव्हा या मंडळाचे प्रमुख होते. शब्द पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असेच उच्चारले जातात, परंतु त्यांना अभिप्रेत असलेला पिता हा मनुष्यातून देव झालेला आहे, तिघे एकच परमेश्वर नाहीत. त्यामुळे ख्रिस्तसभेला अभिप्रेत असलेला संस्कार तेथे घडतच नाही. याचा परिणाम असा, की त्या पंथातून कॅथोलिक श्रद्धेत येणाऱ्या व्यक्तीला स्नानसंस्कार द्यावा लागतो. तसेच कॅथोलिक व्यक्तीला मॉर्मन व्यक्तीशी विवाह करावयाचा असल्यास तो स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी होणारा विवाह ठरतो आणि त्यासाठी बिशपांकडून सूट घ्यावी लागते. प्रेमाने एकत्र आलेल्या तरुणतरुणींना हे ऐनवेळी कळले तर मनस्ताप होतो, म्हणून धर्मगुरूंकडे आधीच जावे.

दुसरी बाब धर्मग्रामांच्या नोंदवह्यांची. मृतांसाठी प्रतिनिधीद्वारे बाप्तिस्मा देण्याची प्रथा या पंथात १८४० पासून आहे, आणि त्यानंतर मृत पतिपत्नींचे मुद्रांकनही केले जाते. सदस्यांनी आपल्याच पूर्वजांची नावे द्यावीत असा त्यांचा नियम असला तरी त्यासाठी जगभरातील जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी गोळा केल्या जातात. म्हणून ५ एप्रिल २००८ च्या पत्राद्वारे रोम येथील धर्मगुरूविषयक मंडळाने, यूटाच्या वंशावळी संस्थेला धर्मग्रामांच्या नोंदवह्यांच्या प्रती काढू देऊ नयेत, असे जगातील बिशपांना कळविले. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या चर्चमधील वह्यांनाही हे लागू आहे. वंशावळ शोधणे गैर नाही; वही संस्थेच्या हाती देणे मात्र टाळावे.

तिसरी बाब लग्नघरची. मॉर्मन मंदिरात विवाहविधीला फक्त त्या चर्चच्या, तेही प्रवेशपत्र मिळालेल्या, सदस्यांनाच हजर राहता येते. अमेरिकेसारख्या देशात पूर्वी मंदिराबाहेर आधी नागरी विवाह केला तर मुद्रांकनासाठी एक वर्ष थांबावे लागे. त्यामुळे अनेक जोडपी नागरी समारंभ टाळीत आणि इतर धर्माचे आईवडील मुलीच्या लग्नाच्या वेळी मंदिराबाहेर बसून राहत. ६ मे २०१९ रोजी ही एक वर्षाची अट काढून टाकण्यात आली. आता नागरी विवाह सर्व आप्तांसमोर करून लगोलग मुद्रांकन करता येते. त्या दुसऱ्या विधीच्या वेळी मात्र कॅथोलिक आईला आजही दाराबाहेरच थांबावे लागते.